शेवटाला, उजव्या हाताला

‘स्कूझी, दोव्हे इल बान्यो?’ हे वाक्य मला चिंचवडच्या घरातच पाठ झालं होतं. माफ करा, बाथरूम कुठे आहे? बॅगा भरताना, पोळ्या लाटताना, रिक्षात बसल्यावर, वेळ मिळेल तिथे मी ते पुटपुटत असे. नवऱ्याला कंपनीने तोरिनोला पाठवलं होतं. इंग्रजीत ज्याला ट्यूरिन म्हणतात ते हे उत्तर इटलीतलं शहर. फियाट १८९९ साली इथेच सुरू झाली आणि आपल्या रांजणगावातही तिचा कारखाना आहे, त्यामुळे मोटारींच्या धंद्यातल्या पुणेकरांना हे नाव ओळखीचं. मला मात्र तिथे जाऊन घर लावायचं होतं, कागदपत्रं करायची होती, आणि परक्या गावात बाईमाणसाला सगळ्यात आधी काय विचारावं लागतं हे मला ठाऊक होतं.

ठाऊक असण्याचं कारण म्हणजे मी चौदा वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरमागे बसले आहे. पेन्शनच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेल्या आज्या काउंटरच्या जाळीशी तोंड आणून हळूच विचारायच्या, ‘ताई, बाथरूम कुठंय?’ आणि मी नोटा मोजता मोजता, मान वर न करता सांगायचे, ‘सरळ जा, शेवटाला उजव्या हाताला.’ मी ते किती भरभर म्हणत असेन याचा विचार त्या चौदा वर्षांत एकदाही केला नाही.

पहिले चार महिने माझं त्या एका वाक्यावर भागलं, कारण ते वापरायची वेळच फारशी आली नाही. घर, बाजार, जवळची बाग. मग ऑगस्टच्या शेवटी आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७१, मधुमेह जुना, मुक्काम तीन महिन्यांचा. त्यांना घरात एकटं ठेवायला माझं मन घेईना, म्हणून रहिवासाच्या कागदासाठी एका सरकारी कचेरीत जायचं होतं त्या दिवशी त्यांनाही बरोबर नेलं.

जुनी, दगडी, चार मजल्यांची इमारत. दारातच यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि भिंतीवरच्या फलकावर आपला नंबर लागेपर्यंत बसून राहायचं. दोन तास गेले. आईंची चुळबुळ माझ्या लक्षात आली होती, पण त्या बोलायला तयार नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, ‘अगं, इथं सोय असेल ना गं कुठं?’

मी उठले. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंना माझं वाक्य म्हटलं, अगदी स्वच्छ. इतकं स्वच्छ की त्यांना वाटलं मला इटालियन येतं. त्या हसल्या आणि एका दमात खूप काही सांगितलं. हात एकदा दाराकडे गेला, एकदा खाली, मग एका बाजूला. मला एकही शब्द सुटा ऐकू आला नाही. मी ‘ग्रात्सिए’ म्हणून वळले, कारण पुन्हा विचारायची लाज वाटली आणि पुन्हा विचारायचं कसं हेही येत नव्हतं.

आम्ही जिना चढून वर गेलो. एक दार बंद, दुसऱ्याच्या आत माणसं काम करत बसलेली. आणखी एक मजला वर. आईंचा हात माझ्या हातात होता आणि तो घट्ट होत चालला होता. तिसऱ्या दाराला कुलूप होतं. तिथेच, त्या कुलपासमोर, त्यांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी माझी शाल त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली. नंबर सोडून दिला. ट्रामने घरी आलो, पंचवीस मिनिटांचा रस्ता. ट्राम जवळजवळ रिकामी होती. मी दोनदा म्हटलं, आई, बसा. त्या दांडा धरून उभ्याच राहिल्या. दुसऱ्याची जागा खराब होईल म्हणून.

घरी आल्यावर त्यांनी पातळ स्वतःच धुतलं. मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी मला रागावून नाही, नुसतं कळून घ्यायचं म्हणून विचारलं, ‘तू त्या बाईला नीट विचारलंस की. मग ती काय म्हणाली?’

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिने मी प्रश्न शिकत होते. उत्तर ऐकायला मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही ते शिकायची गोष्ट आहे असं धरलं नव्हतं.

सप्टेंबरात मी वर्गात नाव घातलं. इटलीत मोठ्या माणसांसाठी सरकारी शिक्षणकेंद्रं आहेत. २०१२च्या नियमांनी त्यांची आताची घडी बसली. तिथे परदेशातून आलेल्यांना इटालियन जवळजवळ फुकट शिकवतात. पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम शंभर तासांचा. पुढची पायरी पार केली की तिचा दाखला दीर्घकाळच्या राहण्याच्या परवान्याला लागतो, म्हणून वर्ग भरलेले असतात. आमच्या वर्गात मोरोक्कोच्या दोघी, चीनच्या चज्यांग प्रांतातून आलेलं एक जोडपं, पेरूची एक, नायजेरियाची एक, इजिप्तचा एक पोरगेला मुलगा आणि मी. एका शाळेच्या इमारतीत, सकाळी, आठवड्यातून तीनदा.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं की कशाकरता आलात. सगळ्यांनी नोकरी, परवाना, मुलांची शाळा असं सांगितलं. मी मोडक्यातोडक्या शब्दांत आणि हातांनी त्या दिवसाची गोष्ट सांगितली. सांगताना मला वाटलं की आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. मोरोक्कोच्या दोघींपैकी मोठीने मान हलवली. मग कळलं की जवळजवळ प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट होती. कुणाची दवाखान्यातली, कुणाची स्टेशनवरची, कुणाची मूल कडेवर असतानाची.

बाई साठीच्या आसपासच्या. त्यांनी पुस्तक मिटलं आणि आम्हाला वर्गाबाहेर काढलं.

पुढचे दोन आठवडे आम्ही जास्त करून त्या इमारतीत फिरत होतो. माझ्या मते भाषेचा हा भाग शिकवायची हीच रीत खरी आहे. बाकावर बसून ‘उजवा, डावा’ पाठ होतो, पण पायाला कळत नाही. बाई एकाला प्रवेशदाराशी उभं करत, दुसऱ्याच्या कानात ठिकाण सांगत आणि त्याने पहिल्याला तोंडी रस्ता सांगायचा. बोटाने दाखवायचं नाही. सांगणारा कच्चा, ऐकणारा कच्चा. पण चुकलो की पायाला चूक लागायची, कारण आपण भलत्याच दारासमोर उभे असायचो.

बाईंचं पहिलं सांगणं असं होतं, की उत्तरातले सगळे शब्द पकडायला जाऊ नका. रस्ता सांगणाऱ्याच्या बोलण्यात कामाचे शब्द चार नाहीतर पाच असतात. बाकीचं सगळं ‘बघा हं’, ‘म्हणजे कसं’, ‘इथून तुम्ही निघालात ना’ अशा जातीचं. आपणही असंच बोलतो. मी बँकेत ‘अहो, तिकडं ते कपाट दिसतंय ना, त्याच्या अलीकडून’ असं म्हणायचे, त्यात ‘अलीकडून’ एवढंच कामाचं.

तर ते शब्द. वर की खाली: चढायचं असेल तर ‘साल्गा’, उतरायचं असेल तर ‘शेन्दा’. नुसतं ‘सू’ म्हणजे वर, ‘जू’ म्हणजे खाली. ‘देस्त्रा’ उजवीकडे, ‘सिनिस्त्रा’ डावीकडे, ‘द्रीत्तो’ सरळ. ‘प्यानो’ म्हणजे मजला. आणि सगळ्यात महत्त्वाचा, ‘इन फोन्दो’, म्हणजे शेवटाला, टोकाला. बाई म्हणाल्या, इटलीत बाथरूम कुठे आहे असं विचारलंत की दहात सात वेळा उत्तर एकच असतं: ‘इन फोन्दो आ देस्त्रा’. शेवटाला, उजव्या हाताला.

मला क्षणभर बँकेतला माझाच आवाज ऐकू आला.

‘साल्गा’वरून आमच्या पेरूच्या मैत्रिणीची फार पंचाईत झाली. तिची भाषा स्पॅनिश, म्हणून ती आमच्यापेक्षा कितीतरी पुढे होती. पण स्पॅनिशमध्ये ‘साल्गा’ म्हणजे ‘बाहेर जा’. मी तिला दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथालयात पाठवत होते. मी म्हटलं ‘साल्गा’, आणि ती सरळ दरवाजा उघडून रस्त्यावर गेली. परत आली तेव्हा ती थोडी दुखावलेली होती. तिने सांगितलं की एका दवाखान्यात तिला लिफ्टजवळच्या माणसाने असंच ‘साल्गा’ म्हटलं होतं आणि आपल्याला हाकललं असं समजून ती तपासणी न करता घरी गेली होती. सहा महिन्यांनी त्या दिवशी तिला कळलं की तो तिला वर जायला सांगत होता.

‘प्यानो’नेही मला चकवलं. ‘प्यानो’ म्हणजे मजला, आणि ‘प्यानो’ म्हणजेच हळू. समोरच्याला सावकाश बोला म्हणायचं तर ‘प्यू प्यानो, पेर फावोरे’, अजून हळू, कृपा करून. वर्गातली एक जण मला हे म्हणाली आणि मी तिला आणखी वरचा मजला सांगत सुटले. हे दोन्ही अर्थ आता माझ्या डोक्यात वेगळे बसलेत, पण त्याला महिना लागला.

आपण मराठी माणसं काही बाबतीत इथे नशीबवान आहोत. त्यांचे ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दाताला जीभ लावून म्हणायचे असतात. इंग्रजीच्या सवयीने ‘टोरिनो’, ‘डेस्ट्रा’ म्हटलं तर कानाला खटकतं. ‘तोरिनो’ म्हटलं की झालं. शब्दाला लिंग असतं आणि विशेषण त्याच्यामागे चालतं, हेही आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. दार त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून बंद दार ‘क्यूझा’, आणि बाथरूम पुल्लिंगी म्हणून ते ‘क्यूझो’. चीनच्या जोडप्याला हे काही केल्या पटेना. मजल्यांची मोजणीही आपल्यासारखीच: तळमजला वेगळा, त्याच्या वरचा पहिला. लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण शून्य असतं किंवा इंग्रजी ‘टी’ अक्षराचं, कारण तळमजला म्हणजे ‘प्यानो तेर्रा’.

जोडाक्षरं मात्र जपून म्हणावी लागतात. नववा मजला म्हणजे ‘नोनो प्यानो’. मी ‘नोन्नो’ म्हणत होते, आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. पत्ता आणि पता यांत जसा फरक, तसाच हा. घरी मी हे आईंना सांगितलं तर त्यांनी लगेच आकडे मोजून घेतले. दूए, त्रे, सेत्ते, ओत्तो, नोवे. ‘सेत्ते म्हणजे सात, ओत्तो म्हणजे आठ. अगं, हे तर आपल्याच घरातलं वाटतंय,’ म्हणाल्या. त्या दिवसापासून माझी वही त्यांचीही झाली.

वहीत मी दोन रकाने आखले होते. एकात पाटीवर शब्द जसा दिसतो तसा, दुसऱ्यात कानाला ऐकू येतो तसा देवनागरीत. हे करावंच लागलं. त्यांच्याकडे ‘सी’ आणि ‘एच’ एकत्र आले की उच्चार ‘क’, आणि ‘एस’ ‘सी’च्या पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आला की ‘श’. लिफ्ट म्हणजे ‘अशेन्सोरे’, बाहेरचं दार म्हणजे ‘उशीता’. इंग्रजी वाचायची सवय असलेला माणूस ह्या पाट्या वाचून भलतंच म्हणतो आणि समोरच्याला कळत नाही. देवनागरीत लिहिलं की उच्चार हलत नाही. बाईंनी एकदा माझी वही हातात घेऊन ती अक्षरं बराच वेळ बघितली आणि विचारलं, ह्यात प्रत्येक आवाजाला स्वतःचं अक्षर आहे का? मी हो म्हटलं. मला फार बरं वाटलं.

पाट्यांचं शास्त्र वेगळं आहे, आणि ते कुणी सांगत नाही. तोंडाने आपण ‘बान्यो’ विचारतो, पण भिंतीवर ‘बान्यो’ असं फार ठिकाणी लिहिलेलंच नसतं. तिथे ‘तोआलेत्’ असतं, किंवा ‘सेर्वीत्सी’, किंवा नुसती इंग्रजी ‘डब्ल्यूसी’ अक्षरं, ज्यांना ते ‘वू-ची’ म्हणतात. त्या दिवशी कचेरीत आम्ही कदाचित पाटीसमोरून गेलोही असू. मी ‘बान्यो’ शोधत होते.

आणि दारापाशी पोचल्यावर आणखी एक अडचण. चित्र नसेल तर दोन दारांवर दोन शब्द: ‘सिन्योरे’ आणि ‘सिन्योरी’. मी शिकले होते की पुरुषाला हाक मारताना ‘सिन्योरे’ म्हणतात, महाशय. शिवाय मराठी कानाला ‘ई’ने संपणारा शब्द बाईचा वाटतो, मुलगी, काकी, मावशी. आणि ‘ए’ने संपणारा पुरुषांचा, मुलगे, घोडे, बोके. म्हणजे दोन्ही बाजूंनी मन ‘सिन्योरी’ हेच बायकांचं दार ठरवतं. खरं नेमकं उलटं आहे. अनेकवचनात त्यांची ‘ई’ पुरुषांची आणि ‘ए’ बायकांचा. ‘सिन्योरी’ म्हणजे पुरुष मंडळी, ‘सिन्योरे’ म्हणजे बाया. मी वहीत ह्या ओळीभोवती लाल चौकट केली आहे आणि इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला ही ओळ आधी सांगते. पुरुषांनीही ध्यानात ठेवावी.

आत गेल्यावर नळ. तोटीवर ‘सी’ अक्षर दिसलं की आपण ते ‘कोल्ड’चं समजतो. ते ‘काल्दो’चं असतं, म्हणजे गरम. थंड म्हणजे ‘फ्रेद्दो’, त्याचं अक्षर ‘एफ’. आईंना मधुमेहामुळे बोटांना चटका लवकर कळत नाही, त्यामुळे घरातल्या नळावर मी पहिल्याच आठवड्यात लाल आणि निळी टिकली चिकटवून ठेवली. खरीखुरी टिकली, कपाळाची. ती अजून आहे. न्हाणीघरात टबावर एक दोरी लोंबते, ती दिव्याची नाही. आत कुणी घसरून पडलं तर ओढायची, बाहेर घंटा वाजते. सार्वजनिक ठिकाणीही अपंगांसाठीच्या बाथरूममध्ये ती असते. पाणी सोडायचं काही सापडलं नाही तर पायाशी बघावं, बऱ्याच ठिकाणी नळाला आणि फ्लशला पायाने दाबायची कळ असते.

एका गोष्टीचं आईंनी मनापासून कौतुक केलं. इथे प्रत्येक घरात निदान एका बाथरूममध्ये बिडे, म्हणजे शौचानंतर बसून धुवायचं बुटकं बेसिन, असावंच लागतं. १९७५ सालच्या सरकारी हुकुमातच ते आहे. म्हणजे पाण्याची सोय. ‘गोऱ्यांच्या देशात कागदच असतो असं सगळे सांगत होते, इथली माणसं शहाणी आहेत,’ असं त्या फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या. बाहेरच्या बाथरूममध्ये मात्र बिडे नसतं. पर्समध्ये छोटी बाटली ठेवलेली बरी.

वर्गात परत येते. बाईंनी शिकवलेली सगळ्यात मोलाची गोष्ट शब्द नव्हतीच. ती होती परत म्हणून दाखवणं. समोरच्याने रस्ता सांगितला की निघायचं नाही. जे दोन शब्द कळले ते प्रश्नासारखे त्यालाच परत द्यायचे. ‘जू? आ देस्त्रा?’ खाली? उजवीकडे? बरोबर असेल तर तो ‘सी, सी’ म्हणतो. चुकलं असेल तर तो थांबतो, आपल्याकडे बघतो आणि मग तो सावकाश, सोपं करून सांगतो. कारण तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की समोरच्याला भाषा कच्ची आहे. त्या दिवशी मी स्वच्छ प्रश्न विचारून वळले, आणि त्या खिडकीतल्या बाईंना कळायला वावच ठेवला नाही. मी त्यांना दोष देत नाही. मीही चौदा वर्षं तशीच बोलले.

आणि ‘स्कूझी’च म्हणायचं, ‘स्कूझा’ नाही. ‘स्कूझा’ हे ‘ए ऐक ना’. ‘स्कूझी’ हे ‘अहो, जरा ऐकता का’. आपल्याकडे अरे-तुरे आणि अहो-जाहो यांत जे अंतर, तेवढंच. हा फरक आईंना एका क्षणात कळला, वर्गातल्या नायजेरियाच्या मुलीला कळायला आठवडा लागला.

सरावासाठी मी घराजवळच्या बारमध्ये जायला लागले. इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान. उभ्याने कॉफी प्यायची आणि मग विचारायचं, ‘पोस्सो उझारे इल बान्यो?’ वापरू का? नुसतं आत शिरून विचारणं बरं दिसत नाही. पुष्कळ ठिकाणी ते म्हणतात, ‘ला क्यावे ए आल्ला कास्सा’, किल्ली गल्ल्यावर आहे. ‘क्यावे’ हा शब्द मला तिथे कळला. आणि कळला तसा मला त्या कचेरीतल्या उत्तराचा एक तुकडा आठवला. ती बाई ‘क्यावे’ म्हणाली होती. दोनदा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच कचेरीचं बोलावणं आलं. आई म्हणाल्या, मीही येते. मी म्हटलं, कशाला उगीच. त्यांनी चपला घातल्या होत्या.

आत गेल्या गेल्या, गरज नसताना, मी चौकशीच्या खिडकीपाशी गेले. बाई वेगळ्या होत्या. विचारलं. उत्तर त्याच वेगाने आलं, पण ह्या वेळी ते दोऱ्यासारखं अखंड नव्हतं, त्यात गाठी होत्या आणि गाठी मला धरता येत होत्या. शेन्दा. पोर्तिनेरीया. क्यावे. इन फोन्दो. सिनिस्त्रा. मी परत म्हटलं, ‘जू? ला क्यावे इन पोर्तिनेरीया?’ बाई थांबल्या, माझ्यामागे उभ्या असलेल्या आईंकडे त्यांनी बघितलं, आणि हळू, एकेक शब्द सोडत पुन्हा सांगितलं. इथून बाहेर पडा, एक मजला खाली उतरा, आधी दाराशी बसणाऱ्या पहारेकऱ्याकडून किल्ली घ्या, मग बोळाच्या शेवटाला डावीकडे.

तळमजल्याच्याही खाली. आणि आम्ही त्या दिवशी दोन मजले वर चढलो होतो.

पहारेकऱ्याने किल्ली दिली. तिला हातभर लाकडाचा तुकडा बांधलेला होता, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून, आणि हातांच्या घामाने तो काळा, गुळगुळीत झाला होता. आईंनी तो माझ्या हातातून घेतला. दार त्यांनीच उघडलं, आतून बाहेर आल्यावर कुलूपही त्यांनीच लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि किल्ली परत द्यायला माझ्या पुढे चालत गेल्या. पहारेकऱ्याला म्हणाल्या, ‘ग्रात्सिए हं.’

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांना सोडायला मी मिलानच्या माल्पेन्सा विमानतळावर गेले. बॅगांच्या रांगेत मी उभी असताना त्या म्हणाल्या, मी जाऊन येते. मी बॅगा सोडून निघणार तर म्हणाल्या, ‘थांब तू. मला येतं.’ मी लांबून बघत होते. फरशी पुसणाऱ्या एका बाईंजवळ त्या गेल्या, पदर सावरला, काहीतरी विचारलं. ती बाई बोलली. आईंनी मान कलती करून ऐकलं, मग काहीतरी परत म्हटलं आणि निघाल्या. मी घड्याळ बघत राहिले. सात मिनिटांनी त्या आल्या, हात पुसत.

‘सापडलं?’

‘सापडलं की. ती देस्त्रा म्हणाली, पण हात डावीकडे करत होती. मी म्हटलं, सिनिस्त्रा? तर कपाळाला हात लावून हसली बिचारी. सी, सी, म्हणाली. डावीकडंच होतं.’